मोठ्या इमारतीत अग्निशमन दलाचा रेडिओ चालेल याची व्यवस्था: नव्यानं या कामात आलेल्यांसाठी

इमारत बांधून तयार आहे. लिफ्ट चालू झाल्या, स्प्रिंकलरची चाचणी झाली, फायर अलार्म पास झाला. शेवटच्या तपासणीला आलेला अग्निशमन अधिकारी दुसऱ्या तळघरात उतरतो, रेडिओचं बटण दाबून नियंत्रण कक्षाला हाक मारतो आणि पलीकडून नुसती खरखर येते. तेवढ्यावर इमारतीचा वापर परवाना अडतो. अमेरिकेत मोठ्या इमारतींच्या कामात हे वारंवार होतं, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: ही अट कोणीतरी फार उशिरा वाचलेली असते.

हा लेख अमेरिकेतल्या प्रकल्पांच्या फायर अलार्म, इलेक्ट्रिकल किंवा लो-व्होल्टेज ड्रॉइंगवर काम करायला लागलेल्यांसाठी आहे. युरोपात आणीबाणी सेवांचे रेडिओ बहुतेक देशांत टेट्रा पद्धतीचे, ३८० ते ३९५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे असतात आणि तिथले नियम निराळे आहेत. भौतिकशास्त्र मात्र तेच, त्यामुळे मोजणी आणि मांडणीचा भाग तिथेही उपयोगी पडेल.

ही अट आली कुठून

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर १९९३ मध्ये बाँबस्फोट झाला, तेव्हा उंच मजल्यांवर गेलेल्या अग्निशमन जवानांचे रेडिओ नीट चालले नाहीत. म्हणून १९९४ मध्ये तिथे खास रिपीटर, म्हणजे सिग्नल घेऊन तो जोर वाढवून पुन्हा पाठवणारं यंत्र, बसवला गेला. ११ सप्टेंबर २००१ च्या सकाळी तो रिपीटर चालूही केला गेला. पण लॉबीतल्या मुख्य हँडसेटवरून बोलायला आणखी एक बटण दाबावं लागत होतं, आणि चौकशी आयोगाच्या अहवालानुसार ते त्या सकाळी दाबलंच गेलं नाही. उत्तर टॉवरमधल्या प्रमुखांनी चाचणी घेतली, हँडसेट मुका वाटला, रिपीटर बंद आहे असं समजून त्यांनी तो सोडून दिला. दक्षिण टॉवरमध्ये तोच रिपीटर चालत होता. पुढे उत्तर टॉवर रिकामा करण्याचा आदेश निघाला तो आतल्या सगळ्या जवानांपर्यंत पोचला नाही. त्याची कारणं अनेक होती, रेडिओ हे त्यातलं एक.

या प्रसंगातून दोन वेगळ्या गोष्टी कळतात. काँक्रीट आणि पोलाद रेडिओ लहरी अडवतात, म्हणून यंत्रणा लागते. आणि यंत्रणा बसवली म्हणजे ती वापरणाऱ्याला चालू दिसतेच असं नाही, म्हणून नियमांत देखरेख, फलक, वार्षिक चाचणी अशा गोष्टी ठासून भरलेल्या आहेत. नवखे लोक पहिल्या भागावर सगळा जोर लावतात आणि दुसऱ्या भागात नापास होतात.

सुरुवातीला एक गैरसमज काढून टाका

‘आमच्या तळघरात मोबाइलला पूर्ण रेंज आहे’ हे वाक्य तुम्हाला मालकाकडून, वास्तुविशारदाकडून, कधीकधी कंत्राटदाराकडूनही ऐकू येईल. त्याचा इथे काही उपयोग नाही. मोबाइल कंपन्यांच्या लहरी वेगळ्या, त्यांचे टॉवर वेगळे आणि इमारतीतले त्यांचे अँटेनाही बहुधा वेगळे. अग्निशमन आणि पोलिस दलं व्हीएचएफ म्हणजे १५० मेगाहर्ट्झच्या आसपास, यूएचएफ म्हणजे ४५० च्या आसपास, किंवा ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या सार्वजनिक सुरक्षेसाठी राखलेल्या पट्ट्यांवर बोलतात. एखाद्या शहरात अग्निशमन दल एका पट्ट्यावर आणि पोलिस दुसऱ्यावर, असंही असतं.

दुसरा मुद्दा दिशेचा. दलाच्या रेडिओ टॉवरकडून आतल्या रेडिओकडे येणारा सिग्नल म्हणजे डाउनलिंक, आतल्या रेडिओकडून टॉवरकडे जाणारा अपलिंक. दोन्ही चालायला हवेत. आत अडकलेल्या माणसाला सगळं ऐकू येतंय, पण त्याची हाक बाहेर पोचत नाही, ही अवस्था काहीच ऐकू न येण्यापेक्षा वाईट. त्याला वाटतं आपला निरोप पोचला.

पायरी १: कोणता नियम आणि कोणाचा शब्द

इंटरनॅशनल फायर कोड, म्हणजे आयएफसी, यातल्या कलम ५१० मध्ये ही अट आहे. २००९ च्या आवृत्तीत ती आली. दुसरीकडे एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानक संस्थेच्या बाजूने २०१० च्या एनएफपीए ७२ मध्ये याचा सविस्तर भाग होता, २०१६ पासून तो एनएफपीए १२२१ कडे गेला आणि २०२२ मध्ये एनएफपीए १२२५ मध्ये विलीन झाला. उपकरणांच्या प्रमाणीकरणासाठी यूएल २५२४ हे मानक आहे.

आता खरी मेख. अमेरिकेत हे कोड आपोआप लागू होत नाहीत. राज्य, काउंटी किंवा शहर ते स्वीकारतं, आणि स्वीकारताना बदलतं. शेजारशेजारच्या दोन शहरांत एकाकडे २०१५ ची आयएफसी तर दुसऱ्याकडे २०२१ ची, असं सर्रास असतं. आकडे आवृत्तीनुसार बदलतात. त्यामुळे कोणाच्या जुन्या प्रकल्पाचं तपशीलपत्रक उचलून नव्यावर चिकटवू नका. मी पाहिलेल्या निकृष्ट ड्रॉइंगपैकी निम्मी अशीच जन्माला आलेली असतात.

शेवटचा शब्द स्थानिक अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचा. या क्षेत्रात त्याला सगळे ‘एएचजे’ म्हणतात. कोणत्या फ्रिक्वेन्सी, कोणता टॉवर, कोणत्या जागा अतिमहत्त्वाच्या, चाचणी कोणत्या रेडिओने घ्यायची, इमारतीला सूट मिळेल का, हे तो ठरवतो. आयएफसीत सूट आहेतही: अधिकाऱ्याला पटलं तर तारेच्या संवाद यंत्रणेने काम भागवता येतं, किंवा कव्हरेजची गरजच नाही असा निर्णय तो देऊ शकतो. पण सूट गृहीत धरून आराखडा करू नका. लेखी मागा, लेखी मिळेपर्यंत यंत्रणा लागणार असंच धरा.

म्हणून संकल्पनेच्या टप्प्यावरच त्याला एक पत्र लिहा. त्यात विचारा: लागू आवृत्ती आणि स्थानिक दुरुस्त्या कोणत्या, फ्रिक्वेन्सींची यादी कोण देणार, रेडिओ यंत्रणेचा परवानाधारक (म्हणजे त्या फ्रिक्वेन्सी ज्याच्या नावावर आहेत तो) कोण, बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र, बसवायला त्यांची परवानगी कशी मिळते, आणि स्वीकृती चाचणीला त्यांच्याकडून कोणी येणार का. यातला परवानाधारकाचा प्रश्न सगळ्यात जास्त राहून जातो आणि सगळ्यात जास्त वेळ खातो.

पायरी २: किती कव्हरेज म्हणजे पुरेसं

आयएफसीचा मूळ आकडा असा: प्रत्येक मजल्याच्या ९५ टक्के क्षेत्रात सिग्नल पुरेसा हवा. प्रत्येक मजल्याच्या. पूर्ण इमारतीची सरासरी काढून तळघराचं अपयश वरच्या मजल्यांच्या यशात बुडवता येत नाही. एनएफपीएच्या पद्धतीत जागांचे दोन वर्ग आहेत. अतिमहत्त्वाच्या जागांना ९९ टक्के, बाकीच्यांना त्याहून थोडं कमी. अतिमहत्त्वाच्या म्हणजे फायर कमांड सेंटर, फायर पंपाची खोली, बाहेर पडण्याचे जिने आणि मार्गिका, लिफ्टसमोरची लॉबी, स्टँडपाइपच्या (जवानांचे होज जोडायच्या उभ्या पाइपच्या) पेट्या, स्प्रिंकलरचे विभागीय व्हॉल्व्ह, आणि अधिकारी सांगेल त्या इतर जागा.

ही यादी एकदा नीट बघा. जिने काँक्रीटच्या जाड भिंतींत, पंपाची खोली तळघरात, व्हॉल्व्ह कोपऱ्यात. जिथे सिग्नल पोचणं सगळ्यात कठीण, नेमक्या तिथेच अट सगळ्यात कडक, कारण आग लागल्यावर जवान तिथेच असतात.

‘पुरेसा सिग्नल’ म्हणजे काय, हे जुन्या आवृत्त्यांत साधं होतं: दोन्ही दिशांना उणे ९५ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली ताकद). नव्या आवृत्त्या आवाजाच्या दर्जावर भर देतात. त्यासाठी डीएक्यू नावाची १ ते ५ ची पट्टी वापरतात. डीएक्यू ३ म्हणजे बोलणं थोड्या प्रयत्नाने समजतं, खरखरीमुळे अधूनमधून पुन्हा सांगायला लावावं लागतं. ३.४ म्हणजे पुन्हा विचारायची वेळ क्वचितच येते. कोडची किमान अपेक्षा डीएक्यू ३ ची. हा बदल मला योग्य वाटतो. नुसता मीटर बघितला तर गोंगाटही सिग्नल म्हणून मोजला जातो; कान फसत नाहीत.

पायरी ३: आधी मोजा, मग ठरवा

इमारत आधीपासून उभी असेल तर काम सरळ आहे: अधिकाऱ्याने दिलेल्या फ्रिक्वेन्सी घेऊन मजलावार मोजणी करा. कुठे यंत्रणा लागते आणि कुठे नाही ते लगेच कळतं. कधीकधी फक्त तळघर आणि दोन जिने एवढंच काम निघतं.

नव्या इमारतीत खोच अशी, की मोजायला इमारत नाही आणि ठरवायचं आत्ता. इथे दोन गोष्टी करा. जागेवर जाऊन उघड्यावर टॉवरचा सिग्नल मोजा. शक्य असेल तर भविष्यातल्या गच्चीच्या उंचीवरही. मग संगणकावर इमारतीचं प्रारूप करून आतला सिग्नल वर्तवा. वर्तवताना काचेकडे दुर्लक्ष करू नका. उष्णता अडवणाऱ्या लो-ई काचेवर धातूचा अतिशय पातळ थर असतो. साधी काच काही डेसिबलच घेते, ही काच २० ते ३० डेसिबल सहज घेते. २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरला, ३० म्हणजे हजारातला एक. ऊर्जाबचतीच्या नियमांमुळे अशी काच आता जवळजवळ सगळीकडे असते, त्यामुळे ‘सगळी काचेची इमारत आहे, सिग्नल येईलच’ हा तर्क उलटा पडतो.

याच कारणाने, बांधकाम चालू असताना काच बसण्याआधी घेतलेल्या मोजणीवर विसंबू नका. सांगाडा उघडा असताना पंधरावा मजला झकास पास होतो. काचा आणि दारं लागली की तोच मजला पडतो. शेवटची खरी मोजणी काचा, भिंती, दारं बसल्यावरचीच. पण तोवर छत बंद झालेलं असतं आणि केबल ओढायचा खर्च कितीतरी पटींनी वाढलेला असतो. म्हणून यंत्रणा लागेल की नाही याची खात्री नसली तरी चार गोष्टी सुरुवातीलाच ड्रॉइंगवर टाका: गच्चीवर अँटेनाचा पाया आणि तिथून खाली येणारा कॉन्ड्यूट, अग्निरोधक रायझरची (मजल्यांमधून उभ्या जाणाऱ्या केबलची) जागा, बूस्टरसाठी अग्निरोधक खोलीत भिंतीवर जागा, आणि तिथे स्वतंत्र सर्किट. नंतर लागलं नाही तर थोडकं नुकसान. लागलं आणि जागा ठेवलेली नसेल तर वास्तुविशारद, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि मालक तिघेही तुमच्याकडे बघतील.

पायरी ४: यंत्रणेची मांडणी

नेहमीच्या यंत्रणेचे तीन भाग. गच्चीवर टॉवरकडे तोंड केलेला डोनर अँटेना. खोलीत दोन्ही दिशांना सिग्नल वाढवणारा बूस्टर, ज्याला या धंद्यात बीडीए म्हणतात. आणि मजल्यामजल्यावर केबल, सिग्नल वाटून देणारे स्प्लिटर आणि कपलर, आणि छतातले छोटे अँटेना यांचं जाळं, म्हणजे डीएएस. फार मोठ्या संकुलात केबलऐवजी फायबर वापरतात. बोगद्यासारख्या लांबट जागेत गळती केबल टाकतात, म्हणजे अशी केबल जिच्या आवरणातल्या फटींमधून सिग्नल वाटेत सांडत जातो.

डाउनलिंकचा हिशोब एकदा हाताने करून बघा, सॉफ्टवेअर काय करतं ते कळेल. बूस्टरची एकूण ताकद ३० डीबीएम धरू. ती दहा चॅनलमध्ये वाटली गेली, तर प्रत्येकाच्या वाट्याला १० डेसिबल कमी, म्हणजे २० डीबीएम. अर्धा इंची केबल ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास शंभर मीटरला सुमारे ७ डेसिबल खाते. उरले १३. स्प्लिटर आणि कपलरमध्ये १४ गेले: उणे १. छतातल्या अँटेनाने २ दिले: १ डीबीएम. तिथून तीस मीटरवर उभ्या माणसापर्यंत मोकळ्या हवेतच सुमारे ६० डेसिबल जातात, वाटेतल्या भिंती २० घेतात, आणि रेडिओ कमरेला असला, मध्ये अंग आलं, माणूस वाकला तर म्हणून आणखी १० राखून ठेवले. हातात आले उणे ८९ डीबीएम. उणे ९५ ची अट असेल तर सहा डेसिबलने पास. आता मधल्या दोन भिंती आणखी वाढवा आणि काय होतं ते बघा. नवखा माणूस इथे बूस्टर मोठा करायला धावतो. बहुतेक वेळा उत्तर असतं जास्त अँटेना, कमी अंतर.

बूस्टर मोठा करण्याचा मोह का टाळायचा, याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे दोलन. गच्चीवरचा अँटेना आणि आतले अँटेना एकमेकांना ‘ऐकू’ लागले की स्पीकरसमोर माइक धरल्यावर जशी शिट्टी वाजते तसं रेडिओच्या पट्ट्यात होतं. ही शिट्टी इमारतीपुरती राहत नाही, टॉवरपर्यंत जाते. म्हणून एनएफपीएच्या नियमानुसार दोन्हींमधलं विलगीकरण (एकाचा सिग्नल दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत होणारी घट) बूस्टरच्या गेनपेक्षा, म्हणजे तो सिग्नल जितके डेसिबल वाढवतो त्यापेक्षा, २० डेसिबल जास्त हवं. गेन ८० असेल तर विलगीकरण १००. सगळ्यात वरच्या मजल्याच्या छतातला अँटेना डोनर अँटेनाच्या थेट खाली आला, किंवा वर स्कायलाइट असला, तर हे जमत नाही. डोनर अँटेना सरकवा, वरच्या मजल्याला कमी ताकद द्या, आणि विलगीकरण कागदावर न गृहीत धरता जागेवर मोजा.

दुसरं कारण अपलिंकचा गोंगाट, आणि याकडे अनुभवी लोकही काणाडोळा करतात. बूस्टर आपला स्वतःचा गोंगाटही वाढवून टॉवरकडे फेकतो, कोणी बोलत नसतानासुद्धा. साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनलमध्ये निसर्गतःच उणे १३३ डीबीएम गोंगाट असतो. बूस्टरने त्यात ५ डेसिबल भर घातली: उणे १२८. गेन ८०: उणे ४८ डीबीएम गच्चीकडे निघाला. टॉवर लांब असेल आणि दोन्ही अँटेना धरून वाटेतली घट १०० डेसिबल असेल, तर तिथे पोचले उणे १४८, टॉवरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा खूपच खाली, काही बिघडत नाही. पण टॉवर एक किलोमीटरवर समोर दिसत असेल तर घट ७० च्या आसपासच राहते. मग पोचतात उणे ११८. टॉवरचा स्वतःचा गोंगाट उणे १२८ च्या घरात धरला, तर तुमच्या इमारतीने त्याला १० डेसिबल बहिरं केलं. परिणाम तुमच्या इमारतीत दिसणारच नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला रस्त्यावर उभ्या असलेल्या जवानाची क्षीण हाक टॉवरला ऐकू येणार नाही, आणि तुमच्या बूस्टरमुळे हे झालं हे शोधायला कोणाला तरी गाडी घेऊन शहरभर फिरावं लागेल. टॉवर जवळ असेल तर अपलिंकचा गेन कमी ठेवा. डाउनलिंक आणि अपलिंकचा गेन सारखाच असायला हवा असा काही नियम नाही.

पायरी ५: आग लागल्यावरही चालायला हवं

हे वाचायला कंटाळवाणं वाटतं, पण तपासणीत सगळ्यात जास्त टिपा इथेच पडतात. वीज गेल्यावर यंत्रणा पूर्ण क्षमतेने १२ तास चालायला हवी. जुन्या आयएफसी आवृत्त्यांत हे २४ तास होतं, म्हणून आवृत्ती बघूनच बॅटरी निवडा. बूस्टरची पेटी निमा ४ (निमा हे अमेरिकेतलं विद्युत पेट्यांचं मानक) दर्जाची, म्हणजे पाण्याचा फवारा सहन करणारी. बॅटरीची पेटी किमान निमा ३आर. स्प्रिंकलर सुटल्यावर यंत्रणा भिजून बंद पडू नये एवढाच त्याचा अर्थ. मुख्य केबल आणि बूस्टरची खोली किती तास अग्निरोधक हवी हे आवृत्तीनुसार बदलतं. मजल्यावरच्या फांद्यांपेक्षा उभ्या मुख्य केबलची अट कडक असते, कारण ती जळली तर सगळेच मजले गेले.

देखरेखीची जोडणी फायर अलार्म पॅनेलला द्यायची असते. अँटेनातला बिघाड, बूस्टर बंद पडणं, दोलन, मुख्य वीज जाणं, चार्जर बिघडणं आणि बॅटरीची ७० टक्के क्षमता संपणं, हे सगळे सुपरवायझरी सिग्नल (आगीचा नव्हे, यंत्रणेच्या स्थितीचा इशारा) म्हणून पॅनेलवर दिसायला हवेत. याशिवाय फायर कमांड सेंटरमध्ये यंत्रणेची स्थिती दाखवणारं पॅनेल. बाहेरून आलेल्या प्रमुखाला चालू आहे की बंद हे बघताक्षणी कळलं पाहिजे.

व्यवहारात घोळ असा होतो, की बूस्टर एक कंत्राटदार बसवतो आणि फायर अलार्म दुसरा. मधल्या सहा-सात तारा कोणाच्या कंत्राटात ते कोणीच वाचलेलं नसतं. ड्रॉइंगवर त्या तारा काढा आणि बाजूला लिहा कोण टाकणार, कोण जोडणार, कोण प्रोग्रॅम करणार. वीज जोडणीच्या सर्किटचंही तसंच.

पायरी ६: परवानग्या

इथे दोन स्वतंत्र दारं ठोठवायची आहेत. स्थानिक अग्निसुरक्षा कार्यालयाकडून बांधकाम परवानगी, आणि लहरींच्या बाजूने एफसीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामक आयोगाचे, नियम. एफसीसीच्या नियमावलीच्या पार्ट ९० मधलं कलम ९०.२१९ बूस्टरबद्दल आहे. त्यातले काम पडणारे मुद्दे थोडके: रेडिओ परवानाधारकाची स्पष्ट संमती असल्याशिवाय बूस्टर चालू करायचा नाही. बूस्टरचे दोन वर्ग आहेत, वर्ग अ अरुंद पट्ट्यांचा, प्रत्येक पट्टा ७५ किलोहर्ट्झपर्यंत, आणि वर्ग ब त्याहून रुंद पट्ट्यांचा. वर्ग ब चा बूस्टर एफसीसीकडे नोंदवावा लागतो. रुंद पट्ट्याचा बूस्टर स्वस्त पडतो, पण शेजारच्या नको असलेल्या सिग्नललाही तो तितक्याच प्रेमाने वाढवतो. दाट वस्तीच्या शहरांत अनेक यंत्रणा चालक वर्ग अ चाच आग्रह धरतात, आणि तो बरोबर आहे.

आराखडा करणाऱ्याकडे आणि बसवणाऱ्या प्रमुखाकडे एफसीसीचा जनरल रेडिओटेलिफोन ऑपरेटर परवाना हवा, शिवाय इमारतीतल्या यंत्रणांचं प्रशिक्षण प्रमाणपत्र हवं, असं आयएफसी सांगते. निविदा काढतानाच ही प्रमाणपत्रं मागा. काम अर्ध्यावर आल्यावर मागितलीत तर तोंडं बघण्यासारखी होतात.

संमतीपत्र हातात आल्याखेरीज बूस्टर ‘जरा चाचणीपुरता’ चालू करू देऊ नका. चाचणीपुरत्या चालू केलेल्या बूस्टरनेही खऱ्या आगीच्या वेळचं बोलणं बिघडू शकतं.

पायरी ७: स्वीकृती चाचणी

प्रत्येक मजल्याचे साधारण सारख्या आकाराचे २० चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी जाऊन, दल स्वतः वापरतं त्या बनावटीच्या कॅलिब्रेट केलेल्या रेडिओवरून दोन्ही दिशांचं बोलणं तपासायचं. ९५ टक्क्यांचा अर्थ वीसात एकच चौकोन पडला तर चालतो. जास्त पडले तर मजल्याचे ४० चौकोन पाडून पुन्हा मोजता येतं. तेव्हा दोन चौकोन पडले तरी चालतात, पण ते एकमेकांना लागून नसावेत. जुन्या आवृत्त्यांत हे आकडे थोडे वेगळे आहेत. अतिमहत्त्वाच्या जागा या चौकोनांत आपोआप येतीलच असं धरू नका, त्या स्वतंत्र मोजा. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबा, दार बंद करून.

दार बंद करून हे मुद्दाम लिहिलं. चाचणी घेणारा एका पायाने दार उघडं धरून उभा राहिला की आकडा छान येतो. पंपाच्या खोलीचंही तेच. चौकोनाच्या मध्यभागी कपाट किंवा यंत्र असेल तर जवळची जागा घ्या आणि नकाशावर नेमकी खूण करा. खिडकीपाशी सरकून आकडा सुधारणं हा जुना खेळ अधिकाऱ्यांना पाठ आहे.

सगळं पास झाल्यावर प्रत्येक बूस्टरचा गेन मोजून लिहून ठेवायचा. हा कागद क्षुल्लक वाटतो, पण पुढच्या वर्षीच्या चाचणीचा आधार तोच आहे. यंत्रणा कमजोर होत चालली आहे का, हे त्याच्याशी तुलना केल्याखेरीज कळत नाही. स्पेक्ट्रम ॲनालायझर लावून दोलन नाही ना हेही बघा.

पायरी ८: दरवर्षी, आणि बदल झाल्यावर

वर्षातून एकदा, आणि इमारतीत मोठा फेरबदल झाला तर त्यानंतरही, चाचणी पुन्हा घ्यावी लागते. मजलावार कव्हरेज, बूस्टरचे गेन आधीच्या नोंदीशी जुळतात का, आणि बॅटरी एक तास पूर्ण भारावर. त्या तासात बॅटरी डळमळीत वाटली तर खात्री पटेपर्यंत एकेक तास वाढवत न्यायचं.

फेरबदल म्हणजे भिंती पाडणंच नव्हे. भाडेकरूने मजल्यावर धातूच्या पार्टिशन घातल्या, गोदामात रॅकची उंची वाढली, रुग्णालयात शिशाचा थर असलेली एक्स-रे खोली आली, समोर नवी इमारत उभी राहून डोनर अँटेनाची दृष्टिरेषा अडली, हे सगळे फेरबदलच. यातला शेवटचा तर इमारतीबाहेर घडतो आणि तुमच्या देखभाल करणाऱ्याला त्याची खबरही नसते. वार्षिक भेटीत गच्चीवर जाऊन टॉवरच्या दिशेने एकदा बघायला सांगा.

शिवाय फ्रिक्वेन्सी बदलू शकतात. हस्तक्षेपाच्या तक्रारींमुळे एफसीसीने २००४ मध्ये ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्याची फेरमांडणी ठरवली आणि पुढची अनेक वर्षं ठिकठिकाणच्या सुरक्षा दलांचे चॅनल नव्या जागी हलत राहिले. जुन्या फ्रिक्वेन्सींना घट्ट बांधलेले बूस्टर तेव्हा एकतर पुन्हा जुळवावे लागले किंवा बदलावे लागले. आयएफसीनुसार असा बदल झाला तर यंत्रणा अद्ययावत करण्याची जबाबदारी मालकाची. म्हणून बूस्टर निवडताना तो जागेवर पुन्हा प्रोग्रॅम करता येतो का ते विचारा, आणि मालकाला हस्तांतराच्या वेळी हा मुद्दा लेखी कळवा.

हस्तांतराच्या फाइलमध्ये एवढं असू द्या: प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे ड्रॉइंग, चौकोनांचा नकाशा आणि आकडे, गेनच्या नोंदी, विलगीकरणाची मोजणी, परवानाधारकाचं संमतीपत्र, एफसीसी नोंदणी, बॅटरीचा हिशोब. एक प्रत फायर कमांड सेंटरमध्ये ठेवा. मालकाच्या कार्यालयातली प्रत हरवते.